खळ घातलेली पट्टी

आधीच सांगते, मला लिहायची सवय नाही. मी बोलत गेले आणि आमच्या लेकीनं, पल्लवीनं, लिहून घेतलं. ती हायस्कूलात शिकवते, त्यामुळं मधेमधे माझं बोलणं तिनं सरळ केलंय. मी म्हटलं, सगळं बदलू नको बाई, न्हाईतर वाचणाऱ्याला वाटायचं पाय दुसऱ्याच कुणाचा दुखत होता.

लिहायचं कारण एवढंच की पायाची जखम भरत नसली की माणूस ती लपवतो. ताप आला तर शेजारीण विचारायला येते, हाड मोडलं तर पाहुणे फळं घेऊन येतात. पण वास मारणाऱ्या जखमेचं कुणाला सांगणार? माझी जखम दोन वर्षं उघडी होती. ज्यांची अजून उघडी आहे त्यांनी हे वाचावं, आणि त्यांच्या घरातल्यांनी तर जरूर वाचावं.

मागाचा कोपरा

आमचं घर शहापुरात. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम आणि मागच्या खोल्यांत आम्ही तिघं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी मागावर उभी आहे. माग चालू असला की बसायला मिळत नाही. धागा तुटला की पळायचं, कांडीवरचं सूत संपलं की पळायचं. संध्याकाळी पाय सुजायचे. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी होऊन वर आलेल्या होत्या. पण गल्लीतल्या निम्म्या बायकांचे पाय तसेच, त्यामुळं हे काही दुखणं आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

एक दिवस मागाचा लोखंडी कोपरा घोट्याच्या वर लागला. नखाएवढं खरचटलं. हळद दाबली आणि विसरून गेले. ते काही भरेना. खपली धरायची, खाजायची, निघून यायची, आणि दर वेळी जखम थोडी मोठी व्हायची. मलमं झाली, गोळ्या झाल्या. माहेरी निपाणीला गेले तर थोरल्या वहिनीनं तंबाखूची भुकटी आत दाबून बसवली. माझं सगळं माहेर तंबाखूच्या वखारीत राबलेलं. त्यांच्याकडं दात दुखला तरी तंबाखू आणि विंचू चावला तरी तंबाखू. जी काय आग झाली म्हणता. वहिनी म्हणाली, "झोंबतंय म्हंजे गुण यायलाय." गुण कसला डोंबलाचा, जखमेच्या कडाच काळ्या पडल्या.

मग वास सुटला. मी पदरावर पावडर मारायची, खिडकीशी बसायची. एकदा दिरांच्या घरी पूजा होती. मी आपली दाराजवळ कोपरा धरून बसले. जाऊबाई आली आणि माझ्या शेजारी उदबत्ती लावून गेली. देव पलीकडच्या खोलीत होता. त्यानंतर मी कुणाकडं जायचंच सोडलं.

डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस

शेवटी पल्लवीनं हट्ट केला आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, मशीन लावून शिरांतलं रक्त बघितलं. मग समजावून सांगितलं. पायातलं रक्त वर चढवणाऱ्या शिरा निकामी झाल्यात, रक्त खालीच साचतंय, म्हणून कातडी भरून येत नाही. पायाला दाबून पट्टी बांधायची आणि धीर धरायचा, हाच इलाज. पुढं म्हणाले, "जखम हाडापर्यंत गेली आणि हाडात पू झाला, तर मात्र पाय वाचवणं अवघड. अजून तसं दिसत नाही. पण आता उशीर करू नका."

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं मी एकच ऐकलं, पाय वाचवणं अवघड. एका पायावर माग चालत नाही. माग चालला नाही तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. दुसरं काही मी कधी केलंच नाही.

परत येताना आम्ही तिघं रिक्षात बसलो. शहापूर आलं तसं आमचे हे म्हणाले, "भाजी घ्यायची काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा पाय चाललाय आणि ह्या माणसाला भाजी सुचतीय. तेव्हा मला कळलं नाही, की ह्यांच्या तोंडातून दुसरा शब्द फुटतच नव्हता.

रेणुका सिस्टर

त्या दिवशी घरी निघायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं. "तिथं रेणुका सिस्टर आहेत. आता पुढचं सगळं त्या बघतील." मला वाटलं, संपलं, डॉक्टरनं हात झटकले आणि नर्सच्या गळ्यात बांधलं.

सिस्टर गोकाककडच्या. घरात कन्नड, आणि मराठी आमच्यासारखीच, मधेमधे कन्नड मिसळून. ठेंगण्या, सावळ्या, आवाज एकदम हळू. दवाखान्यात त्या फक्त न भरणाऱ्या जखमाच बघतात. हे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं आणि त्यासाठी वेगळं शिकूनही आल्या. असलं काम कुणी मागून घेतं, हेच मला नवल वाटलं.

पहिल्या दिवशी त्यांनी जखम उघडली आणि नाक जवळ नेलं. मी पाय मागं ओढला. "नको हो, वास मारतोय."

"स्वल्प थांबा आक्का," त्या म्हणाल्या. "वास काय सांगायलाय ते बघू दे की. डोळ्याच्या आधी नाकाला कळतंय."

दूध नासलं का हे आपण बघतो ना, तसं त्यांनी बघितलं. तोंड वाकडं केलं नाही. मग कोमट पाण्यानं जखम धुतली. सावकाश, चांगला वेळ घेऊन. तोवर सगळ्यांनी ती पुसली होती, धुतली कुणीच नव्हती. धुताना एकेक विचारत होत्या. मागावर कुठल्या पायावर भार देता, जेवायला कशा बसता, झोपताना पाय कसे ठेवता. "इतके दिवस काय करत होता?" हा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो मला आत्तापर्यंत प्रत्येकानं विचारला होता.

मग त्यांनी बोटांपासून गुडघ्यापर्यंत लवचीक पट्टी अशी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "आवळून मारताय काय मला? सगळी म्हणत्यात वारा लागू दे, कोरडी होऊ दे, आणि तुम्ही गुंडाळून ठेवताय."

"वाऱ्यानं भरली असती तर तुम्ही इथं आला नसता," सिस्टर म्हणाल्या. "जखमेला स्वल्प ओल लागतीय आक्का. आणि तुमची शीर जे काम करत न्हाई, ते आता ही पट्टी करणार."

बाकावर

आठवड्यातून दोनदा जायचं. बाहेरच्या बाकावर आम्ही ठरावीक मंडळी असायचो. त्यात उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम केलेले एक मामा होते. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाची दोन बोटं गेलेली. मला म्हणायचे, "वैनी, तुमचा पाय अजून सगळा हाय. माझा हप्त्याहप्त्यानं चाललाय." सगळा बाक हसायचा. मीही हसायचे, आणि मग माझी नजर आपसूक त्यांच्या पायाकडं जायची आणि हसू विरायचं. इतर बायका नातवंडांबद्दल बोलतात तसं आम्ही तिथं जखमांबद्दल बोलायचो.

घरी पलंगाच्या पायथ्याला ह्यांनी लाकडाचे ठोकळे घातले, म्हणजे झोपताना पाय वर राहील. एक माग बंद ठेवला. पट्ट्या दोन होत्या. एक पायात, एक धुण्यात. सिस्टरांनी मला सांगितलं होतं, साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. पण मला वाकायला यायचं नाही. ह्यांनी न बोलता ते काम स्वतःकडं घेतलं.

आणि जखम हलली. सिस्टर तिच्यावर पातळ प्लास्टिक धरून पेनानं कड काढायच्या आणि मागच्या खेपेच्या शेजारी धरून मला दाखवायच्या. मला ते दाखवायची गरज नव्हती. एका संध्याकाळी पल्लवी मोबाईल बघत बघत माझ्या पलंगावर येऊन पायाशी बसली, मांडी घालून. तिला काही कळलंच नाही. मला कळलं. वास गेला होता. मी जरासुद्धा हलले नाही, ती उठून जाईल म्हणून.

टेबलावर वाजली

आणि मग बिघडलं. घोट्याच्या दुसऱ्या बाजूला नवीन जखम झाली. गुडघ्याखाली सुरीनं ओढल्यासारखा वळ उठला. पाय लालभडक, अंगात ताप, दात वाजायला लागले. दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांनी भरती करून घेतलं. म्हणाले, "शिरेतून औषध देऊन बघू. लाली वर चढत गेली तर आत उघडून बघावं लागेल. हाडाचापण फोटो काढू." म्हणजे फिरून तिथंच.

सिस्टर खाली माझी पट्टी सोडत होत्या. सोडता सोडता थांबल्या. पट्टीची कड बोटानं चाचपून बघितली. माझ्या पिशवीतली दुसरी गुंडाळी काढली आणि टेबलावर आपटली. ती टक्कन वाजली.

"ही धुतली कुणी?"

हे दारातच उभे होते. "मी."

"कशात?"

"साबणात. मग खळीतनं काढली आणि इस्त्री मारली."

"खळ कशाला घातली अण्णा?"

हे गोंधळले. आंघोळ कशाला करता असं कुणी विचारावं तसे बघत राहिले. मग म्हणाले, "चुरगळल्याली पट्टी दवाखान्यात कशी धाडायची? आमच्या घरातनं बिनखळीचं कापड आजवर भाईर गेलं न्हाई."

झालं होतं ते असं. ताणायचं आणि परत आखडायचं, एवढंच त्या पट्टीचं काम. ह्यांनी तिला साडीची खळ घालून, कडक इस्त्री करून, पत्र्याची करून ठेवली होती. आधी खळ पातळ असायची, म्हणून बांधताना सिस्टरांनाही कळली नसावी; मग दर धुण्याला थोडी जास्तच. आणि तिची कड माझ्या पायात रुतत होती. मला घट्ट लागायचं, पण मी म्हणायचे घट्टच तर पाहिजे.

पल्लवी दवाखान्यातच ओरडली. "आप्पा, पट्टी आहे ती, साडी न्हवं. आईचा पाय गेला तर काय करणार तुम्ही?"

हे बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आणि त्याच वेळी मला परसात बसलेले हे दिसत होते, पट्टीचा एकेक वीतभर भाग तळहातानं सरळ करत असलेले. दोन्ही एकदम होत होतं आणि मला रडायलाही येईना.

सिस्टरांनी पल्लवीला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं. "अण्णांना बोलू नका. चूक माझी हाय. मी आक्कांना सांगितलं, धुतंय कोण हे विचारलंच न्हाई." दवाखान्यात चूक माझी हाय असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

रेघ

वॉर्डात सकाळी फिनेलनं फरशी पुसायची, मग चहा, मग थर्मामीटर, मग राऊंड. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दिवसभर कन्नडमध्ये सुनेची गाऱ्हाणी सांगायची आणि मी हं हं करायचे. तेवढंच मन रमायचं.

लाली जिथवर चढली होती तिथं सिस्टरांनी माझ्या पायावर पेनानं रेघ ओढून ठेवली होती. रेघेच्या वर लाली गेली तर वाईट, खाली आली तर चांगलं. इतकं साधं. माझा सगळा जन्म त्या निळ्या रेघेवर येऊन थांबला होता. मी स्वतः बघायचे नाही. डोळे मिटून घ्यायचे आणि पल्लवी बघायची.

हे आत यायचेच नाहीत. डबा पल्लवीच्या हातात द्यायचे आणि दारातून एवढंच विचारायचे, "रेघ?"

"तिथंच हाय," पल्लवी म्हणायची.

पहिल्या दिवशी ती आवाजात राग ठेवून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तसा राग नव्हता. तिसऱ्या सकाळी ती वाकून बघत बसली आणि एकदम दाराकडं वळून म्हणाली, "आप्पा, खाली आलीय. या की आत, स्वतः बघा." हे दोन पावलं आत आले आणि रेघ बघून तोंडावर टॉवेल धरून तसेच बाहेर गेले. हाडाचा फोटो स्वच्छ आला. पण डॉक्टर म्हणाले, जखमा आता दोन आहेत, आणि असा फटका हा पाय पुन्हा सोसेल असं मी सांगू शकत नाही.

सिस्टरचा पाय

घरी सोडायच्या आधी सिस्टरांनी ह्यांना खाली बोलावलं. "आजपासून पट्टी अण्णा बांधणार. आक्का अंथरुणातनं पाय खाली सोडायच्या आधी, रोज सकाळी."

"माझ्यानं नको," हे म्हणाले. हात मागं बांधून घेतले. "मी एकदा वाटोळं केलंय. त्या पायाला मी परत हात लावत न्हाई."

सिस्टरांनी वाद घातला नाही. स्टुलावर बसल्या, चप्पल काढली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पायातला लांब घट्ट मोजा उतरवला. त्यांच्या पोटरीवर माझ्यासारख्याच निळ्या गाठी होत्या. "मी पण दिवसभर उभीच असते की," त्या म्हणाल्या. "माझ्या पायाला बांधा. माझा बिघडला तर मी बघून घेते."

बाकावरची सगळी मंडळी दाराशी गोळा झाली. परक्या बाईच्या पायाला हात लावायचा, ह्यांचे कान लाल झाले. सकाळी मागाला करतात तसा आधी नमस्कार केला आणि मग बांधायला घेतलं.

"सैल," सिस्टर म्हणाल्या. सोडलं. परत बांधलं. "आता लई घट्ट. मुंग्या यायल्यात." परत सोडलं. घोट्याशी चुणी पडली, परत सोडलं. फौंड्रीवाले मामा म्हणाले, "अण्णा, दमानं घ्या. सिस्टर काय पळून जात न्हाईत, पाय तुमच्या हातात हाय." सगळे हसले आणि कितीतरी दिवसांनी हेही हसले.

शेवटी सिस्टर उठल्या, कॉरिडॉरमधून चालून आल्या. "बरी. आता संध्याकाळपर्यंत राहू दे. घसरली तर नापास." आणि ह्यांनी बांधलेल्या पट्टीवरच त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या. पुढच्या खेपेला ह्यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "घसरली काय?" सिस्टरांनी मान हलवली. न्हाई.

म्हणून मी म्हटलं, घरातल्यांनी वाचावं. एकटीनं दवाखान्यात जाऊ नका. स्वयंपाक कोण करतं, कपडे कोण धुतं, रात्री पांघरूण कोण घालतं, त्या सगळ्यांना एकदा सिस्टरसमोर उभं करा.

नंतर

लवकर काही झालं नाही. नवी जखम आधी भरली, जुनी अडून बसली. मधे मधे थांबायची. अशा दिवसांत मी चिडायचे, भांडी आपटायचे. ह्यांच्या हातात रोज सकाळी माझा पाय असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे कधी फारसे बोलले नव्हते. मागाच्या आवाजात बोलून तरी काय ऐकू येणार. आता पट्टीचे वेढे घालता घालता बोलायला लागले. आईबद्दल, पहिल्या मागाबद्दल, पल्लवीला घाबरतात त्याबद्दल. दवाखान्यात ती ओरडली ते त्यांच्या अजून मनात होतं. मी पल्लवीला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी आप्पांच्या शेजारी बसून पट्टी बांधायला शिकून घेतली. माफी वगैरे काही मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मग एक दिवस दवाखान्यात सिस्टरांनी नेहमीसारखी पट्टी सोडली, धुतलं, पुसलं. दिवा जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, परत काहीतरी निघालं. मी खाटेची कड घट्ट धरली.

सिस्टरांनी हातातले रबरी मोजे काढून टाकले आणि उघडा तळहात माझ्या घोट्यावर ठेवला. जखमेच्या जागी.

"बंद झाली आक्का," त्या म्हणाल्या. "आता पट्टीच्या जागी मोजा, तो जन्मभर. मागाशी उंच स्टूल. पण पाय तुमचा तुमच्याकडं राहिला. हात लावून बघा."

मला हात पुढं नेता येईना. दोन वर्षं मी त्या जागेकडं आपली म्हणून बघितलंच नव्हतं. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि दाराकडं हाक मारली, "अण्णा, या. तुम्ही लावा."

हे आत आले. तळहात सदऱ्याला पुसले, परत पुसले. मग एक हात हळूच ठेवला. रोज सकाळी ह्यांचे हात पायाला लागायचे, पण मधे नेहमी कापूस असायचा, पट्टी असायची. आज मधे काही नव्हतं. मागावर काम करून खरखरीत झालेला, ऊन हात. त्या नव्या कातडीला ह्यांचा हात पहिल्यांदा कळला.

"दुखतंय?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग रडतीस कशाला?" आणि हे हात काढून घ्यायला लागले.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "तसाच ऱ्हाऊ दे हात."